बाराव्या दिवसाचं वजन

नातू झाल्याची बातमी कळली की माणसं पेढे आणायला धावतात. गोरक्षराव विधाते दवाखान्याचा वजनकाटा बघायला गेले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. वजनमापांच्या खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात काटा दिसला की शिवशिवायला लागतात. सेवेत असताना कळवणच्या बाजारात त्यांची जीप शिरली की भाजीवाले तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले खडे काढून खिशात टाकत, आणि ती जीप दुसऱ्याच कुणाची निघाली तर स्वतःला शिव्या घालत ते परत चिकटवत. एका हलवायानं खोक्यासकट मिठाई तोलली म्हणून गोरक्षरावांनी त्याला ऐन दिवाळीत पकडलं होतं आणि ते रिकामं खोकं पुरावा म्हणून सात वर्षं कपाटात जपलं होतं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे साधनाबाईंनी, लग्नातले फोटोसुद्धा इतके जपले नसतील.

तर दवाखान्यात निकिता नावाची सिस्टर बाळाला काट्यावर ठेवत होती. गोरक्षराव मागून वाकून म्हणाले, "सिस्टर, या काट्याचं मुद्रांकन कधीचं आहे? तपासणीचा सरकारी शिक्का दिसत नाही."

"काका, बाजूला व्हा. बाळ गारठेल," निकिता म्हणाली.

गोरक्षराव बाजूला झाले, पण मनातून नाही. दवाखान्याच्या कार्डावर '२ किलो ९००' असं लिहून आलं, त्याच्यापुढे त्यांनी लाल पेनानं कंस करून 'अप्रमाणित' अशी नोंद केली. पाचव्या दिवशी घरी सोडताना पुन्हा वजन झालं, २ किलो ७८०. तिथेही लाल कंस झाला. निकितानं बाळाच्या आईला, भाग्यश्रीला, सांगितलं की पहिल्या आठवड्यात बाळं थोडी उतरतातच, काळजी करू नकोस, पाजताना काही अडलं तर सरळ निघून ये. हे सगळं भाग्यश्रीनं ऐकलं, साधनाबाईंनी ऐकलं. गोरक्षराव तेव्हा काट्याच्या मागच्या बाजूला कंपनीची पट्टी शोधत होते.

भाग्यश्री ही त्यांची एकुलती एक मुलगी, पहिलटकरीण, सासर सिन्नरचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज ज्यानं घातला त्याला स्वतःला मुलगी नसावी. सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतीण सासरी परतणार. तेव्हा बाळ गुटगुटीत असलं तर ते सासरच्या अंगलटीवर गेलेलं असतं, आणि किडकिडीत असलं तर माहेरी आबाळ झालेली असते. तिसरा निकाल या खटल्यात लागतच नाही. गोरक्षरावांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या विहीणबाई, सगुणाबाई, या प्रकारच्या निकालांबद्दल सिन्नर तालुक्यात प्रसिद्ध होत्या.

आणि बाळ रडायला लागलं.

दिवसभर शहाण्यासारखं झोपायचं, संध्याकाळी पाच वाजले की टाहो फोडायचा. पाजलं की पाच मिनिटं शांत, पुन्हा टाहो, पुन्हा पाजायचं, असं आठपर्यंत. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत भिंती अशा की तिसऱ्या मजल्यावर शिंकलं तर तळमजल्यावरून 'सत्य आहे' ऐकू यावं. त्यामुळे बाळाचा प्रश्न हा तीन दिवसांत सार्वजनिक प्रश्न झाला आणि सगळ्यांचं एकमतानं निदान ठरलं, की दूध पुरत नाही.

निदान एक असलं तरी उपाय जितके दरवाजे तितके होते. मालिश करायला येणाऱ्या आक्काबाई म्हणाल्या, "शेपू द्या, बाजरीची भाकर द्या, लसूण द्या. आन् पानी लय नका पाजू, दूध पातळ व्हतं." समोरच्या वहिनी म्हणाल्या, पाणी भरपूर प्यायला हवं, आणि लसूण मात्र बिलकूल नको. पहिल्या मजल्यावरून खसखशीची खीर आली, चौथ्यावरून शतावरीची भुकटी, आणि सोसायटीचे सेक्रेटरी यादवसाहेब यांच्याकडून त्यांच्या साडूच्या मुलीची सविस्तर हकीकत. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू तर इतके जमले की भाग्यश्रीला ते बघूनच ढेकर यायला लागले. वाया जायला नकोत म्हणून ते गोरक्षराव खात होते. घरातल्या एका माणसाचं वजन नक्की वाढत होतं, पण ते कुणी विचारत नव्हतं.

भाग्यश्री इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. साठ पोरांचा वर्ग ती नुसत्या बघण्यानं गप्प करते. पण हा तीन किलोचा विद्यार्थी तिला जुमानत नव्हता. पाजायला घेतलं की तिला दुखायचं, ते ती दात दाबून सोसायची. खोलीत सतत कोणीतरी बसलेलं असायचं, आणि बाळ तोंड फिरवायचं तेव्हा बसलेल्या बाईची मान 'बघ, मी म्हटलं नव्हतं' अशा अर्थी हलायची. आठव्या दिवशी ती आईला म्हणाली, "आई, सगळ्यांना जमतं. मलाच कसं जमत नाही?"

हे गोरक्षरावांनी स्वयंपाकघरातून ऐकलं. पण बाप माणसानं या विषयात बोलायचं कसं? 'दूध' हा शब्द ते चहाच्या संदर्भात दिवसातून दहा वेळा उच्चारत, या संदर्भात मात्र तो त्यांच्या घशाखालीच अडकायचा. शेवटी त्यांनी सरकारी भाषेचा आधार घेतला.

"पुरवठ्याची परिस्थिती कशी आहे?" त्यांनी साधनाबाईंना हळूच विचारलं.

"कसला पुरवठा? सिलिंडर कालच आलाय."

"तो नव्हे. आतला."

साधनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसते लाडू खा."

नुसते लाडू खाणाऱ्यांपैकी गोरक्षराव नव्हते. त्यांनी विचार केला. दूध पुरतं की नाही हा मतांचा प्रश्न नाही, मापाचा आहे. बाळाचं वजन वाढत असेल तर पुरतं. मग वजन करा, आकडा तोंडावर फेका, शेपू आणि खसखस दोन्ही पक्ष गप्प. पण काटा हवा मुद्रांकित.

त्यांचे चुलतभाऊ कोंडाजी मखमलाबादला राहतात, भेंडी-वांगी आणि झेंडू लावतात. त्यांच्याकडे स्टीलच्या परातीचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. कोंडाजींनी तो झेंडूच्या पाकळ्या झटकून आनंदानं दिला. गोरक्षरावांनी उलटा करून पाहिला तर मुद्रांकनाची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली.

"चालतंय की," कोंडाजी म्हणाले. "ग्रॅमचा फरक दाखवत नाय."

"कोंडाजी, हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकत आलोय," गोरक्षराव गंभीरपणे म्हणाले.

आता फेरमुद्रांकनाचा अर्ज ऑनलाइन करायचा असतो. गोरक्षरावांच्या काळात तो त्यांच्या टेबलावर यायचा आणि तिथे विश्रांती घ्यायचा. त्यांनी चष्मा पुसला आणि फॉर्म उघडला. 'काट्यावर काय तोलणार' या रकान्यात यादी होती: धान्य, किराणा, भाजीपाला, मांस-मासळी, सोने-चांदी, भंगार, इतर नाशवंत माल. बाळ कुठेच नव्हतं. 'सोने-चांदी'वर त्यांचं बोट भावनेच्या भरात क्षणभर घुटमळलं, पण खोटी माहिती देणं हा गुन्हा. शेवटी त्यांनी 'इतर नाशवंत माल' निवडलं. साधनाबाईंनी खांद्यावरून ते वाचलं आणि पुढचा अर्धा दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून एका तरुण निरीक्षकाचा फोन आला. "काका, व्यवसायाची जागा बेडरूम लिहिली आहे. माल काय आहे नक्की?"

"नातू," गोरक्षराव म्हणाले.

पलीकडे त्यानं अर्ज पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. मग तो मुलगा अदबीनं म्हणाला, "काका, विकायचं नसेल तर मुद्रांकन लागत नाही."

"मला लागतं," गोरक्षराव म्हणाले.

त्या मुलाचा स्वभाव चांगला. त्यानं सांगितलं की परवा बाजारात शिबिर आहे, घेऊन या. गोरक्षराव काटा कडेवर घेऊन रांगेत उभे राहिले. पुढे कोंबडीवाला, मागे भंगारवाला. ज्या रांगेला त्यांनी आयुष्यभर पलीकडून पाहिलं होतं तिच्यात दोन तास उभं राहून त्यांच्या गुडघ्यांना जनतेच्या अडचणी प्रथमच कळल्या. भंगारवाल्यानं विचारलं, "तुमचा कशाचा धंदा, चाचा?" गोरक्षरावांनी छाती काढून सांगितलं, "घरगुती." त्यावर भंगारवाला आदरानं थोडा मागे सरकला. काय समजला कोण जाणे.

बारशाच्या आदल्या दिवशी काटा मुद्रांकित होऊन घरी आला.

बाराव्या दिवशी घर गच्च भरलं. सिन्नरहून जीप भरून मंडळी आली. सगुणाबाईंनी नातवासाठी चांदी आणली होती, आणि कुणी 'हलकी आणली' म्हणू नये याची पुरेपूर काळजी घेतली होती. पायात घुंगरांचे वाळे, हातात बिंदल्या, कमरेला साखळी. त्यावर मावशीनं विणलेली लोकरीची कुंची, आत्यानं आणलेलं जरीचं झबलं, खाली पणजीच्या हातची तीन पदरी गोधडी. बाळाचं नाव समर्थ ठेवलं. एवढं सगळं अंगावर वागवत ते शांत झोपलं होतं, म्हणजे नाव शोभलं.

पाळणा म्हणून झाला आणि गोरक्षरावांनी घसा खाकरला. टेबलावर काटा मांडला. सपाटी तपासली. काट्यावरच्या सपाटीच्या काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध आहे हे यादवसाहेबांना दाखवलं. परात रिकामी असताना आकडा शून्य आहे हे सगुणाबाईंना दाखवलं. मग स्वतःच्या जपून ठेवलेल्या एक किलोच्या लोखंडी वजनानं काट्याची परीक्षा घेतली. चौतीस वर्षांत एवढं शास्त्रशुद्ध वजन नाशिक जिल्ह्यात झालं नसेल. साधनाबाईंनी बाळाला गोधडीसकट अलगद परातीत ठेवलं.

तीन किलो सहाशे चाळीस.

टाळ्या पडल्या. सगुणाबाईंनी मान डोलावली. "भरतंय अंग," त्या म्हणाल्या, आणि हे सिन्नरच्या मापानं प्रशस्तिपत्रक होतं. गोरक्षरावांनी डायरीत आकडा लिहिला, पुढे 'प्रमाणित' लिहून सही केली. यादवसाहेबांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. भाग्यश्री खूप दिवसांनी थोडी हसली. त्या संध्याकाळी बाळ रडलं, पण तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

आठवडा बरा गेला. चांदी बाळाच्या नाजूक कातडीला घासायला लागली म्हणून साधनाबाईंनी ती तिसऱ्याच दिवशी डब्यात घालून कपाटात ठेवली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आक्काबाईंनी बाळाला न्हाऊ-माखू घातलं, धुरी दिली, आणि मलमलीच्या एका फडक्यात गुंडाळून गोरक्षरावांच्या हातात दिलं. "घ्या, करा तुमचं वजन."

गोरक्षरावांनी सपाटी तपासली. शून्य तपासलं. बाळ ठेवलं.

तीन किलो दोनशे पन्नास.

त्यांनी बाळ उचललं, पुन्हा ठेवलं. लोखंडी वजन ठेवून पाहिलं, काटा निर्दोष. काटा दुसऱ्या टेबलावर नेला, तिथेही तेच. तीनशे नव्वद ग्रॅमची तूट. धान्याच्या गोदामात एवढी तूट निघाली असती तर त्यांनी उंदरांची चौकशी लावली असती. इथे कुणाची लावायची?

त्यांनी डायरी मिटली आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. पण पेपर न्यायला आलेल्या यादवसाहेबांनी दारातच विचारलं, "आज किती भरलं?" आणि आयुष्यात एकदाही आकडा न बदललेल्या या माणसाच्या तोंडून खरा आकडा निघून गेला. यादवसाहेबांनी ग्रुपवर तो टाकला, शेजारी हात जोडलेलं चिन्ह टाकलं. बारा वाजेपर्यंत घरात शेपूच्या चार जुड्या आल्या. एक वाजता जावयाचा, अमितचा, फोन आला. अमित सिन्नरच्या कारखान्यात सुपरवायझर, स्वभावानं गरीब. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, आई बोलतेय."

"व्याही," सगुणाबाईंचा आवाज आला, "पोरगं वाळाया लागलंय म्हणं. सात दिवसांत पावशेराच्या वर. आता तिला दूधच नाय तर ती तरी काय करंल? अमितबरोबर पावडरचा डबा धाडते. आन् परवा मी येते. दोघांना घिऊन जाते इकडं."

संध्याकाळी अमितनं डबा आणून टेबलावर ठेवला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता चहा पिऊन गेला. डब्यावर एक गोंडस परदेशी बाळ हसत होतं. गोरक्षरावांना ते आपल्यालाच हसतंय असं वाटलं.

भाग्यश्रीनं डायरी मागवून घेतली, दोन्ही आकडे पाहिले, खाली बापाची सही पाहिली. शेजारणींचं बोलणं तिनं इतके दिवस कानाआड केलं होतं, कारण ते बोलणं होतं. हा आकडा होता, आणि आकडा अप्पांचा होता. दोन दिवस ती बाळाला घ्यायची आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. बाळही मग कुरकुरायचं, सोडायचं, रडायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "अप्पा, माझ्यानं नाही होत. तो डबा फोडा."

गोरक्षराव डब्यापर्यंत गेले. झाकणाला हात लावला आणि त्यांना एकदम रडूच आलं. लेक दहावीत गणितात नापास होईल अशी सगळ्यांना खात्री होती तेव्हासुद्धा ती असं कधी बोलली नव्हती. साधनाबाईंनी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. "उद्या सकाळी त्या सिस्टरकडे जाऊन या," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली होती, अडलं तर या. तिनं सांगितलं तर मी स्वतः फोडीन."

सकाळी बापलेक दवाखान्यात पोचले. भाग्यश्रीच्या कुशीत बाळ, गोरक्षरावांच्या कडेवर काटा. निकितानं त्यांना ओळखलं, काट्यालाही ओळखल्यासारखं केलं, आणि भाग्यश्रीला पडद्याआड नेलं. गोरक्षराव बाहेरच्या बाकावर बसले. पडदा पातळ होता, आणि कान बंद करायची सोय देवानं माणसाला दिलेली नाही.

"खाली वाकू नकोस. बाळाला तुझ्याकडे आण, तू बाळाकडे जाऊ नकोस. पाठ टेक. हं, त्याचं तोंड मोठं उघडू दे, अजून, आता घे. दुखतंय?"

पडद्याआड खुर्ची सरकली. मग भाग्यश्रीचा आवाज आला, नवल वाटल्यासारखा. "नाही दुखत."

"दुखत होतं ते धरण्याच्या पद्धतीमुळे. तुझ्यात काही कमी नाही. ऐक, गिळतोय. घोट ऐकू येतायत ना?"

गोरक्षरावांनी श्वास रोखला. त्यांनाही ऐकू येत होतं.

"पण संध्याकाळी तीन तास रडतो," भाग्यश्री म्हणाली.

"बरीच बाळं संध्याकाळी अशी घडीघडी पितात. म्हणून ती उपाशी असतात असं नाही. दिवसातून लंगोट किती ओले होतात?"

भाग्यश्रीला सांगता येईना. लंगोट धुणं आणि गॅलरीत वाळत घालणं हे खातं गोरक्षरावांकडे होतं. ते बाकावरून म्हणाले, "काल नऊ. परवा अकरा."

पडद्याआडून निकिता म्हणाली, "काका, हा तुमचा पहिला कामाचा आकडा."

मग बाळाला उघडं करून दवाखान्याच्या काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे सत्तर. गोरक्षरावांच्या काट्यावरही तीन किलो दोनशे सत्तर. दोन्ही काटे तंतोतंत जुळले, म्हणजे त्या लाल कंसांना काही अर्थ उरला नाही. निकितानं कार्ड पुढे ओढलं. "पाचव्या दिवशी दोन सातशे ऐंशी. आज तीन दोनशे सत्तर. सोळा दिवसांत जवळजवळ अर्धा किलो वाढलाय. छान आहे की. कमी झालं कोण म्हणतंय?"

गोरक्षरावांनी डायरी पुढे केली. बाराव्या दिवशीच्या पानावर बोट ठेवलं.

"तीन सहाशे चाळीस?" निकितानं आकडा पाहिला, बाळ पाहिलं, गोरक्षरावांना पाहिलं. "त्या दिवशी बाळाच्या अंगावर काय होतं, काका?"

"झबलं," गोरक्षराव म्हणाले. "बारसं होतं ना. कुंची. म्हणजे लोकरीची. वाळे होते. बिंदल्या." त्यांचा आवाज दर नगामागे एक पायरी खाली उतरत गेला. "कमरेची साखळी. आणि गोधडी."

"केवढी गोधडी?"

"तीन पदरी," ते म्हणाले आणि बाकावर बसले.

खोक्यासकट मिठाई. चौतीस वर्षं ज्याच्यासाठी त्यांनी माणसांना घाम फोडला ते त्यांनी स्वतः, भर सभेत, बुडबुडा मधोमध दाखवून, सही करून केलं होतं. त्या हलवायानं निदान खोकं पुठ्ठ्याचं वापरलं होतं. यांचं चांदीचं होतं, आणि तेही विहिणीनं आणलेलं.

भाग्यश्री हसायला लागली. एकवीस दिवसांत ती अशी हसली नव्हती. तिच्या हसण्यानं बाळ मांडीवर हलायला लागलं, आणि मग हसण्याचं रडणं झालं. "दोन दिवस, अप्पा," ती म्हणाली. "दोन दिवस मला वाटत होतं मी त्याला उपाशी मारतेय."

गोरक्षरावांनी आयुष्यात कुणाला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. दुकानदाराला नाही, साहेबाला नाही, साधनाबाईंना तर नाहीच. "माझं चुकलं, बाळा," ते म्हणाले. "मी काटा तपासत बसलो. तुला बघितलंच नाही."

निकिता दाराकडे बघत म्हणाली, "अजून एक. पाजताना खोलीत गर्दी नको. हिला आणि त्याला जरा एकटं सोडा. आठवड्यानं दाखवायला या. आणि काका, काटा घरी ठेवून या."

घरी आले तर सगुणाबाई सोफ्यावर बसलेल्या, शेजारी अमित, समोर यादवसाहेब हकीकत पुरवत. सगुणाबाईंच्या पायाशी रिकामी पिशवी होती, बाळाचे कपडे भरायला आणलेली. साधनाबाई चहाचे कप हातात धरून उभ्या होत्या आणि कुणी घेत नव्हतं. भाग्यश्रीनं सासूला नमस्कार केला, "त्याला भूक लागलीय, पाजते आणि आले," म्हणाली आणि खोलीत गेली. सगुणाबाई उठल्या. "डबा कुठं हाय? मी येते बघाया."

गोरक्षरावांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, खोलीच्या दारात ठेवली आणि तिच्यावर बसले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आधी माझं ऐका. पोरगं वाळलेलं नाही. मी बाराव्या दिवशी त्याला कुंची, गोधडी आणि तुमच्या चांदीसकट तोललं. ते सगळं उतरल्यावर जी घट दिसली ती कपड्यांची आणि दागिन्यांची होती. चूक माझी. तुम्ही म्हणाल तिथे, सिन्नरला येऊन चारचौघांत सांगेन." मग त्यांनी श्वास घेतला आणि तो अडकलेला शब्द चक्क मोठ्यानं बाहेर काढला. "माझ्या मुलीला दूध भरपूर आहे. आत्ता ती पाजतेय. तिचं होईपर्यंत या दारातून कोणी जाणार नाही."

यादवसाहेबांनी चष्मा काढला. अमित जमिनीकडे बघत ओठ चावून हसू दाबत होता. आता सिन्नरचा निकाल लागणार म्हणून गोरक्षराव खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले.

सगुणाबाईंनी पायाशी पडलेली रिकामी पिशवी उचलून तिची घडी घातली. मग परत सोफ्यावर टेकल्या.

"हा अमित झाला तवा मी एकोणीस वर्षांची," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "आठव्या दिवशी सासूबाई म्हनल्या, हिला दूधच नाय. शेळी आनून बांधली दारात. मपलं लुगडं भिजायचं, व्याही. पार भिजायचं. पण मोठ्या मानसांनी नाय म्हनलं म्हंजी नाय. मलाबी तेच खरं वाटलं. धाकटीच्या येळंला तर मी पाजायचं बघितलंच नाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आमचं चुकलं, असं कोनी आलं नाय सांगाया."

अमितनं मान वर करून आईकडे बघितलं. ही गोष्ट त्याला बत्तीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. साधनाबाईंनी चहाचा कप सगुणाबाईंच्या हातात दिला, आणि या वेळी त्यांनी तो घेतला.

आतून भाग्यश्रीची सासूला हाक आली. "आई, तुम्ही एकट्या आत या ना. बघा कसा पितोय."

गोरक्षराव उठले आणि त्यांनी खुर्ची बाजूला घेतली. सगुणाबाई चहा तसाच ठेवून आत गेल्या. दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, एवढा हळू आवाज त्यांचा असेल असं कुणाला वाटलं नसतं. "पी रं माझ्या राजा. पी निवांत."

यादवसाहेबांनी मोबाइल काढला. "मग विधाते, ग्रुपवर दुरुस्ती टाकायला हवी. नक्की वजन किती लिहू?"

गोरक्षरावांनी खुर्ची पुन्हा दाराला लावली आणि बसले.

"पोट भरतंय, एवढं लिहा," ते म्हणाले.

"पण ग्रॅममध्ये?"

"यादवसाहेब," गोरक्षराव म्हणाले, "हळू बोला. आत दोघी आहेत."